सहा वर्षांच्या पायांनी मोजून पाहा

पत्र असं आहे :

"बाई, नमस्कार. आमची वाडी घाटमाथ्यावर आहे, एकोणीस उंबऱ्यांची. जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे, पट नऊ. त्यातला एक माझा मुलगा, तिसरीत. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला जाईल. गुरुजी एकच आहेत, दुसरी जागा दोन वर्षं रिकामी आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून झाले. गेल्या महिन्यात केंद्रप्रमुख साहेब 'पालकांचे संमतीपत्र' असा छापील कागद देऊन गेले. आमची शाळा खालच्या गावच्या शाळेत विलीन करायची आहे. ती अडीच किलोमीटरवर, मध्ये ओढा. गाडीची सोय होईल म्हणाले. इकडे मिस्टर म्हणतात, दोन्ही पोरांना तालुक्याला इंग्लिश मीडियमला घालू, व्हॅन फाट्यापर्यंत येते. सही करू का? मुलीला कुठे घालू? आणि मीच माझी मुलं बाहेर घातली तर शाळा वाचवा असं कोणत्या तोंडाने म्हणू? – एक आई"

ताई,

तुम्ही तीन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेत, म्हणून ते उचलवेना झालंय. आपण ते सोडू. सहीचं आधी सांगते, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. करू नका. निदान आत्ता तरी नको.

त्या कागदावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंच असेल. आता काय लिहिलेलं नाही ते वाचा. गाडी कोणती, किती वाजता, पैसे कोण देणार, गाडीत मुलांबरोबर मोठं माणूस कोण असणार, ती बिघडली तर त्या दिवशी काय, ओढ्याला पाणी आलं तर काय. यातलं एकही वाक्य त्यात नसणार. मी असे कागद पाहिलेत. 'आम्ही स्वखुशीने संमती देत आहोत' एवढं मात्र ठळक असतं. तुमच्या सहीने शाळा वाचते किंवा बुडते असं नाही. समितीला तेवढा अधिकार कायद्याने दिलेला नाही, उगाच भ्रमात राहू नका. पण एकदा सही झाली की उद्या कोणी विचारलं तर वरून उत्तर येतं, पालकांचीच इच्छा होती. ते उत्तर त्यांना फुकटात देऊ नका.

केंद्रप्रमुखांवर राग धरू नका, एवढं मात्र सांगते. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत काढली, त्यातली अकरा वर्षं द्विशिक्षकी शाळेत. माझ्याकडे येणारे केंद्रप्रमुखही असेच वरून आलेला कागद खाली पोचवायचे आणि चहा न घेता पुढच्या शाळेकडे निघायचे. त्यांना एका महिन्यात अमुक इतक्या शाळांचा अहवाल द्यायचा असतो. भांडण त्यांच्याशी नाही.

मग कुणाशी आहे? हिशेबाशी आहे. तो समजून घेतल्याशिवाय तुम्ही बैठकीत बोलू शकणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण खात्याने 'समूह शाळा', म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले. तेव्हा जे आकडे बाहेर आले ते असे : वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुलं आणि शिक्षकामागे सहा. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याकडचं पानशेत इथल्या समूह शाळा नमुना म्हणून पुढे ठेवल्या होत्या. त्याआधी २०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांवर गदा आली होतीच. मंत्रालयात बसून हे आकडे पाहिले तर नाकापेक्षा मोती जड वाटणारच. एका मुलामागे खर्च जास्त येतो हे खरं आहे आणि बैठकीत ते नाकारू नका. नाकारलंत तर पुढचं तुमचं कोणी ऐकणार नाही.

पण हा खर्च शाळा बंद करून संपत नाही, तो जागा बदलतो. आज सरकार गुरुजींच्या पगारात देतंय, उद्या तो तुमच्या वाडीतली एखादी बाई रोजाचं काम सोडून पोराला ओढ्यापलीकडे पोचवण्यात देईल. थोरली बहीण धाकट्याला सोडायला म्हणून स्वतःच्या शाळेला उशिरा पोचेल आणि आठवीत कधीतरी पोचायचीच बंद होईल. हे कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो असं कोणी बैठकीत म्हणेल. तो पाचवीपासून पुढे आहे. पहिली ते चौथीच्या मुलीसाठी तो नाही, आणि तुमच्या वाडीला एसटी येते का, हे पत्रात नाही, पण 'फाट्यापर्यंत' या एका शब्दावरून मला कळलं.

आता कायदा. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असं धरलंय आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. ही दोन वेगवेगळी मापं का आहेत याचा विचार करा. नियम करणाऱ्याने कुठेतरी सहा वर्षांचं पोर डोळ्यांसमोर आणलं होतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक असंही लिहिलंय. म्हणजे तुमच्या नऊ मुलांच्या शाळेत दोन शिक्षक ही मेहरबानी नाही. २०२४ च्या मार्चमध्ये संच मान्यतेचा, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक ते ठरवण्याचा, जो शासन निर्णय आला त्याने वीसपर्यंतच्या पटासाठी हे गणित आखडतं घेतलं, त्यावरून शिक्षक संघटना आणि सरकार यांच्यात बरीच ओढाताण झाली. त्या ओढाताणीत तुमची दुसरी जागा लटकलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि एक गंमत सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 'शाळा संकुल' अशी कल्पना आहे. देशातल्या सरकारी प्राथमिक शाळांपैकी जवळजवळ २८ टक्के शाळांत तीसपेक्षा कमी मुलं आहेत, हे त्याच धोरणात लिहिलंय. त्यावरचा उपाय म्हणून संकुल सुचवलंय : शाळा आपापल्या जागी राहतील आणि चित्रकलेचा, खेळाचा शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगाचं सामान हे सगळे मिळून वापरतील. शाळा एकत्र करायच्याच झाल्या तर ते फार जपून, मुलांची शाळेपर्यंतची पोच कमी होणार नाही याची खात्री करूनच करावं, असंही त्यात आहे. 'शाळा संकुल' आणि 'समूह शाळा' हे शब्द ऐकायला सारखे लागतात, म्हणून बैठकीत एकाच्या नावाखाली दुसरं खपून जातं. एकात शिक्षक मुलांकडे जातो आणि दुसऱ्यात मुलं शिक्षकाकडे. तुम्ही एवढं एकच वाक्य विचारा : साहेब, यातलं आमच्यासाठी कोणतं?

मोठ्या देशांनीही या वाटेवर ठेच खाल्लीय. चीनने २००१ पासून खेड्यापाड्यांतल्या शाळा झपाट्याने एकत्र केल्या. मुलं दूर जायला लागली, लहान वयात वसतिगृहात राहायला लागली, आणि २०१२ मध्ये तिथल्या सरकारलाच ही सरसकट मोडतोड थांबवायला सांगावं लागलं.

मापाकडे परत येते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथे आहे असं मला वाटतं. अडीच किलोमीटर हे कोणी मोजलं? बहुतेक मोबाइलवर नकाशा उघडून किंवा मोटारसायकलच्या काट्यावर. तुम्ही एक करा. रविवारी मुलीला घ्या, तिच्या पाठीवर भरलेलं दप्तर द्या, पाण्याची बाटली द्या आणि तिला पुढे चालू द्या. तुम्ही मागून चाला, घड्याळ लावून. तिला उचलायचं नाही, हात धरून ओढायचं नाही. ती कुठे बसते, कुठे काटा काढायला थांबते, कुत्र्यांना भिऊन कुठे वळसा घेते, सगळं लिहा. ओढ्याशी उभं राहून जुलैतलं पाणी कुठपर्यंत येतं त्या खुणेचा फोटो काढा. मी नोकरीत असताना हे एकदा केलं होतं. आमच्याकडे एका वस्तीवरची दोन मुलं रोज उशिरा यायची, मी रोज रागवायची. एका शनिवारी त्यांच्याबरोबर उलट चालत गेले. कागदावर सव्वा किलोमीटर होतं. मला, चांगल्या चपला घातलेल्या बाईला, पस्तीस मिनिटं लागली. मध्ये एका बांधावरून चढताना त्यातला धाकटा चारही हातपायांवर चढला, दप्तर डोक्यावरून पुढे आलं आणि त्याने ते दातात धरलं. त्यानंतर मी हजेरी घ्यायची वेळ बदलली.

साताऱ्यातल्या जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुलींचं तुम्ही ऐकलं असेल. कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जायच्या. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून त्याची दखल घेतली. नकाशावर तेही काही फार लांब नव्हतं.

आता मुलीचं. इथे मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. छोटी शाळा आपोआप चांगली नसते. एकशिक्षकी शाळेत गुरुजी महिन्यातून चार दिवस मीटिंगला, दोन दिवस मतदार यादीच्या कामाला, उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती भरायला, असं चाललं असेल तर ती शाळा उघडी असूनही बंदच म्हणायची. दार उघडं ठेवणं म्हणजे शाळा चालू ठेवणं नाही. शाळा वाचवा म्हणणारे आमच्यासारखे पुष्कळ लोक इथे गप्प बसतात.

म्हणून स्वतः बघा. एखाद्या मंगळवारी, न सांगता, साडेअकराच्या सुमारास जा आणि मागे जाऊन बसा. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हाला कोणी अडवणार नाही. दुसरीच्या मुलाला त्याच्या पुस्तकातला नको, कुठलाही चार ओळींचा उतारा वाचायला द्या, खताच्या पिशवीवरचा मजकूरही चालेल. अडखळत का होईना, अर्थ लागतो का पाहा. वह्या मागा. त्यात गुरुजींची लाल खूण आहे का, आणि चुकलेलं नंतर पुन्हा लिहून घेतलंय का. हे दुसरं जास्त महत्त्वाचं, नुसती बरोबरची खूण कुणीही करतं. हजेरीपटापेक्षा मुलाला विचारा, काल गुरुजींनी काय घेतलं? मुलं खरं सांगतात.

चारही इयत्ता एका खोलीत बसलेल्या पाहून दचकू नका. त्याला आम्ही जोडवर्ग म्हणतो, पुस्तकी भाषेत बहुवर्ग अध्यापन. नीट केलं तर ते उणं नसतं. माझ्या वर्गात चौथीतली एक मुलगी होती, गणितात बेताचीच. पहिलीच्या दोघांना चिंचोके देऊन दहाचे गठ्ठे करायला शिकवायचं काम मी तिच्याकडे दिलं. पहिल्या दिवशी ती ओरडायचीच नुसती. पंधरा दिवसांनी मी फळ्यापाशी चौथीची वजाबाकी घेत होते, हातच्याची, आणि ती मधेच उठून म्हणाली, "बाई, म्हणजे एक गठ्ठा सोडायचा का?" तीन वर्षं जे तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते धाकट्यांचे गठ्ठे सोडता सोडता शिरलं. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी याच तत्त्वावर कार्डांची आणि शिडीची अख्खी पद्धत बसवली : प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर, शिक्षक मध्ये फिरता. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, ज्ञानरचनावादाचं (मूल स्वतः करून शिकतं, या विचाराचं) काम झालं, ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. वर्गातल्या फरशीवर आखलेली चौकटी-वर्तुळं तुमच्याही शाळेत असतील. ती रंगवून ठेवलीत की वापरात आहेत, तेवढं बघा. वापरातल्या खुणा पुसट असतात.

छोट्या शाळेचा खरा तोटा वेगळाच आहे, आणि तो पटाचा आकडा मोजणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. सोबत. तुमची मुलगी पहिलीत एकटीच असेल का? असेल तर तिला तिच्या वयाची मैत्रीण नाही, कबड्डीला सात जणी नाहीत, भांडायलाही कोणी नाही. याचं मला वाईट वाटतं आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण इलाज नाही. अर्धा आहे : खालच्या गावच्या शाळेशी मिळून पंधरवड्यातला एक शनिवार ठरवा, एकदा त्यांनी वर यायचं, एकदा तुम्ही खाली जायचं. खेळ, गाणी, परिपाठ एकत्र. पावसाळ्यात सुट्टी द्या त्याला. हेच ते संकुल, कुणाच्या आदेशाशिवाय. पाचवीला ती खालच्या शाळेत जाईलच, तेव्हा तिचे पाय चार वर्षांनी लांब झालेले असतील आणि तिथली निम्मी मुलं ओळखीची.

मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. कुठलाही बाप पोरांच्या वाईटासाठी व्हॅनचे पैसे भरत नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते पोरांना मिळावं, एवढंच त्यांना म्हणायचंय. पण त्यांच्याबरोबर एकदा सकाळी फाट्यावर जा आणि ती व्हॅन भरताना पाहा. किती मुलं बसतात, आणि संध्याकाळी परतताना किती जण मान टाकून झोपलेली असतात. सहा वर्षांचं मूल रोज जाऊन येऊन दीड-दोन तास गाडीत घालवत असेल, तर त्याच्या खेळण्यातले तेवढे तास गेले. इंग्रजीचं म्हणाल तर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. ते नीट शिकवलं जातं का हा रास्त प्रश्न आहे, तो मंगळवारच्या भेटीत विचारा. इंग्रजी विषय नीट शिकणं आणि परिसर, गणित, सगळंच न कळणाऱ्या भाषेत घोकणं यांत फार फरक आहे, आणि घरी ज्याला गृहपाठात मदत मिळणार नाही त्या मुलाला या घोकण्याचा फटका जास्त बसतो. तुमच्या घरी संध्याकाळी अभ्यास कोण घेणार, हे मिस्टरांना विचारून बघा. उत्तर 'शिकवणी लावू' असं आलं तर तो खर्चही धरा.

तरीही माझं मत विचाराल तर : मुलीला पहिलीला वाडीतच घाला, मुलालाही चौथीपर्यंत हलवू नका. पण दिवाळीपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा एकदा मागे जाऊन बसा. गुरुजी आठवड्यातले दोन-दोन दिवस गायब असतील, मुलीला अक्षरं लागायला सुरुवातही झाली नसेल, आणि तुम्ही पाठपुरावा करूनही काही हललं नसेल, तर तिला न्या. तेव्हा खालच्या गावच्या शाळेचा विचार तालुक्याच्या आधी करा. शाळा वाचवायची म्हणून लेकीचं पहिलीचं वर्ष गहाण टाकू नका. हे मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर जीव असलेली बाई लिहितेय.

आणि यातच तुमचा 'कोणत्या तोंडाने' सुटतो. तुम्ही मुलीला नेलंत तर ग्रामसभेत उभं राहून सांगायचं, मी नेलं, या या कारणाने नेलं, दुसरा शिक्षक द्या, परत आणते. यात लाज कसली? ज्यांची मुलं शहरात शिकतात ते पुढारी शाळेवर भाषणं करतात तेव्हा त्यांना कोणी तोंड विचारत नाही. तुम्ही तर अजून नेलेलंही नाही.

आता हाताशी कामाचं. अंगणवाडीच्या ताईंकडून शून्य ते सहा वयाच्या मुलांची यादी मागून घ्या. तुमच्या वाडीत पुढची पाच वर्षं पहिलीला किती मुलं येणार ते त्यात उघड दिसतं. पट नऊवरून चौदावर जाणार असेल तर आजचा नऊ हा मुद्दाच निकाली निघतो. तो चारवर येणार असेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं, मग लढा बंद न होण्यासाठी न लढता चांगल्या गाडीसाठी आणि सोबतच्या बाईसाठी लढायचा. वाडीत मुलंच उरली नसतील तर रिकाम्या खोलीपुढे झेंडा लावून काही होत नाही, हे मी मान्य करते. आणखी एक : संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते आणि आधार जुळलेलीच मुलं त्यात धरली जातात. एखाद्याच्या आधारवर नावाची वेलांटी चुकलीय म्हणून तो हिशेबातून गळाला, असं नऊच्या शाळेत परवडत नाही. जुलैतच सगळ्यांची आधार तपासून घ्या, गुरुजींच्या मागे लागून.

मग समितीची बैठक लावा. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्या बायकांना खरंच बोलवा, घरी वही पाठवून सह्या आणू नका. चालून मोजलेलं अंतर, लागलेली मिनिटं, ओढ्याचे फोटो, अंगणवाडीची यादी, रिकामी जागा कधीपासून आहे ती तारीख, हे सगळं ठरावात घ्या. तोच विषय ग्रामसभेत न्या. दोन्ही ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या. मागणी पहिली दुसऱ्या शिक्षकाची. 'शाळा बंद करू नका' ही दुसरी. क्रम उलटा केलात तर शाळा चालू राहील, तीच एका गुरुजींची, आणि दोन वर्षांनी पट सहावर आला की पुन्हा हाच कागद येईल. शिक्षक नाही म्हणून पट घसरतो, पट घसरला म्हणून शिक्षक मिळत नाही, या चक्रात किती शाळा गेल्या त्या मी डोळ्यांनी पाहिल्यात.

गुरुजींना विरोधात उभं करू नका. नोकरदार माणूस आहे, उघड बोलू शकणार नाही. पण तुम्हाला कोणता कागद कुठे मिळेल हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

परितेवाडीचं किंवा खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईलच. सोलापूरकडच्या परितेवाडीतले रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले, आणि जालिंदरनगरची शाळा बंद पडायच्या बेतात होती ती गावाने आणि शिक्षकांनी मिळून उभी केली, २०२५ मध्ये जगभरात तिचं नाव झालं. अभिमान वाटावा अशाच गोष्टी आहेत. पण बैठकीत कोणी 'तुम्ही तसं करून दाखवा, मग शाळा ठेवू' असं म्हणालं तर गप्प बसू नका. १८८२ मध्ये जोतिबा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली, १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं केलं. त्यांनी कुठल्या वाडीला आधी बक्षीस मिळवून दाखवा म्हटलं नव्हतं. साधी, रोज भरणारी, पोरांना वाचायला शिकवणारी शाळा मागायला कर्तबगारी सिद्ध करावी लागत नाही.

केंद्रप्रमुख पुन्हा आले तर चहा करा आणि सांगा, कागदात गाडी, वेळ, सोबत, पावसाळा हे सगळं लेखी घालून आणा, समितीपुढे ठेवते. तुम्ही जे जे अर्ज द्याल त्याची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. झेरॉक्स घरी ठेवा, शाळेच्या कपाटात नको.